पिकअपचा पिवळा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?

शेतमाल पिकविण्याइतकेच तो वेळेवर बाजारात पोहोचविणे महत्त्वाचे असते. बैलगाडी वाटेत अडली, तर आख किंवा चाकाची धाव पाहून दोष ध्यानात येई. पिकअप गाडीचे तसे नाही. तिच्या इंजिनाचा कारभार एक लहानसा संगणक पाहतो आणि काही बिघडल्यास चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लावतो. चालक यास ‘चेक लाइट’ म्हणतात. दिवा लागला, गॅरेजमध्ये तो घालविला आणि आठवड्याभरात तो पुन्हा लागला, असा अनुभव जुन्या गाड्यांच्या मालकांस वारंवार येतो. यात पैसा जातो आणि ऐन हंगामात मालाचेही नुकसान होते.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा बागायतदाराकडे २०१७ सालची डिझेल पिकअप आहे, असे समजावे. हापूसच्या पेट्या भरून ती रात्री कोल्हापूरच्या बाजाराकडे निघते. हातखंबा, पाली, साखरपा येथवर गाडी विनातक्रार धावते. आंबा घाटाची चढण लागली की तिची ताकद कमी होते, काळा धूर येतो आणि दिवा लागतो. परतताना गाडी रिकामी असल्याने दोष जाणवत नाही. गॅरेजमध्ये दिवा घालविला जातो. पुढे एक सेन्सर बदलला जातो, मग दुसरा. तरीही दोन-तीन खेपांनंतर दिवा लागतोच. सकाळचा सौदा चुकला, तर पिकू लागलेला आंबा दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

या गाडीचा दोष काय असावा, हे शोधण्याची एक निश्चित रीत आहे.

दिव्यांतील भेद

तेलाच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यास गाडी बाजूस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. पिवळा दिवा स्थिर असेल व गाडी नेहमीप्रमाणे चालत असेल, तर बेताच्या वेगाने गॅरेजपर्यंत जाता येते. ताकद कमी झाली असेल, तर मात्र गाडी रेटू नये. पेट्रोल अथवा सीएनजी गाडीत हा दिवा उघडझाप करू लागला, तर इंधन नीट पेटत नसल्याची ती खूण होय. न जळलेले इंधन धुराच्या मार्गातील शुद्धीकरणाच्या भागात जळून तो महागडा भाग निकामी करते.

चावी फिरविताच हा दिवा क्षणभर लागला पाहिजे व इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना हे अवश्य पाहावे. चावी फिरवूनही दिवा लागतच नसेल, तर तो मुद्दाम निकामी केला असण्याचा संभव असतो.

नोंद आधी, पुसणे नंतर

दिवा लावताना संगणक दोषाचा संकेतांक, म्हणजे कोड, आपल्या स्मृतीत ठेवतो. त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, भार किती होता, पाण्याचे तापमान काय होते, याचीही नोंद तो करतो. स्टिअरिंगच्या खाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की ही माहिती वाचता येते. बॅटरीची तार काढून दिवा घालविल्यास ही नोंद बहुधा पुसली जाते. रोगट झाड उपटून जाळल्यानंतर रोगाची परीक्षा करू पाहावी, तसाच हा प्रकार होय.

दिवा कधी कधी आपोआपही विझतो. त्यावरून दोष गेला असे समजू नये. अनेक दोषांच्या बाबतीत तोच दोष लागोपाठच्या दोन खेपांत आढळल्याशिवाय संगणक दिवा लावीत नाही आणि तीन खेपा निर्दोष गेल्या की तो विझवितो. दिवा विझला तरी कोड पुढे बराच काळ स्मृतीत राहतो. घाटातच प्रकट होणारा दोष सपाटीवर लपून राहतो, तो यामुळेच.

कोड म्हणजे निदान नव्हे

पाने पिवळी पडली की नत्राची कमतरता समजून युरिया देणारा शेतकरी पुष्कळदा फसतो. लोहाची उणीव, मुळाशी साचलेले पाणी किंवा मूळकूज यांनीही पाने पिवळी पडतात. कोडचेही तसेच आहे. तो लक्षण सांगतो. कोणता भाग बदलावा, हे सांगत नाही.

‘पी ०२९९’ याचा अर्थ टर्बोकडून हवेचा पुरेसा दाब मिळत नाही. ‘पी ००८७’ म्हणजे इंधनाचा दाब कमी आहे. चोंदलेला डिझेल फिल्टर हे त्याचे एक साधे कारण. ‘पी ०४०१’ म्हणजे धुराचा काही अंश इंजिनात परत नेणारा मार्ग अपुरा वाहतो. काजळी साचल्याने असे होते. ‘पी ०११८’ हा तापमानाच्या सेन्सरचा कोड असला, तरी पुष्कळदा सेन्सर चांगला असतो आणि त्याची तार तुटलेली असते. ‘पी ०५६२’ विजेचा दाब कमी असल्याचे सांगतो. तेथे बॅटरी, अल्टरनेटर व अर्थिंग पाहावे.

तपासणीचा क्रम

बिनखर्चाची तपासणी आधी व खर्चाची नंतर, हा नियम पाळावा.

१. दिवा कोठे, किती भार असताना, गाडी गार की गरम असताना लागला, हे लिहून ठेवावे.

२. कोड व त्यासोबतची नोंद वाचून कागदावर उतरवून घ्यावी.

३. बॅटरीची टर्मिनले व अर्थिंगची तार स्वच्छ व घट्ट आहेत, हे पाहावे.

४. एअर फिल्टर व डिझेल फिल्टर पाहावेत. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचले असल्यास काढून टाकावे.

५. वायरिंग हाताने व डोळ्यांनी तपासावे. गोठा, वैरण किंवा धान्याच्या कोठीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात.

६. इंजिन बंद व गार असताना हवेचे सर्व होज पाइप व त्यांच्या क्लिपा खालच्या बाजूनेही चाचपून पाहाव्यात.

७. एवढे झाल्यावर मीटर लावून मोजमाप करावे व दोष सिद्ध झालेला भागच बदलावा.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. जुन्या ट्रॅक्टरची हवा काढताना इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करण्याची रीत आहे. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात ती कदापि वापरू नये. या नळ्यांत इंधनाचा दाब शेकडो ते हजाराहून अधिक बार असतो. त्याची बारीक चिळकांडी कातडी भेदून शरीरात शिरते. अशी इजा वरवर लहान दिसली, तरी तत्काळ इस्पितळात जावे.

दोष सापडला कोठे?

वरील बागायतदाराच्या गाडीत ‘पी ०२९९’ हा कोड मिळतो. सोबतची नोंद सांगते की, इंजिन गरम, भार मोठा व वेग कमी होता, म्हणजेच घाट. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज पाइप चाचपताच खालच्या अंगास क्लिपेजवळ चीर लागते. तिच्याभोवती तेलकट ओल असते. इंजिन मंद चालत असता ही चीर मिटलेली राहते. भार येऊन आतला दाब वाढला की ती उघडते, हवा बाहेर जाते आणि धूर काळा होतो. सेन्सर खोटे बोलत नव्हते. दाब खरोखरच कमी होता. खरे सांगणारे सेन्सर बदलले गेले आणि चिरलेला पाइप तसाच राहिला.

पाइप बदलल्यावर कोड पुसावा. त्यानंतर तेवढ्याच भाराने त्याच घाटातून खेप करून पुन्हा स्कॅनर लावावा. कोड परत आला नाही, तरच दुरुस्ती झाली असे समजावे. गॅरेजच्या दारातील चाचणीवर समाधान मानू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक वाहनधारकास गाडीत एक वही ठेवावयास सांगावे. तीत तारीख, किलोमीटर, कोड, दिवा लागला ती परिस्थिती व केलेली दुरुस्ती लिहावी. गॅरेजच्या बिलावर कोड लिहून घ्यावा व काढलेला जुना भाग परत मागावा. शेतकरी गटाने मिळून कोड वाचण्याचे एक साधे उपकरण घेतल्यास ते सर्वांच्या उपयोगी पडते. मात्र ते आपल्या गाड्यांस लागू पडते काय, याची खात्री आधी करून घ्यावी.

हंगाम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी, गाडीत माल भरून, नेहमीच्या चढणीवर तिची एक फेरी करावी. लपलेला दोष असल्यास तो तेव्हाच उघड होतो, आणि दुरुस्तीस वेळ मिळतो.