स्लॉटमधली हजेरी

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर पडद्यावर एखादं अक्षर उमटायच्या आधीच मदरबोर्ड आपल्या प्रत्येक स्लॉटमध्ये कुणी आहे का, हे चाचपून पाहतो. त्याची पद्धत कळली तेव्हा मी थक्क झालो. तो स्लॉटच्या तारांवरचं व्होल्टेज किंचित बदलतो आणि ते चढायला किती वेळ लागला, ते मोजतो. पलीकडे कार्ड असेल तर व्होल्टेज सावकाश चढतं, स्लॉट रिकामा असेल तर झटकन. एवढ्या फरकावरून त्याला कळतं की समोर कुणीतरी आहे.

मग ओळख सुरू होते. ग्राफिक्स, साउंड, नेटवर्क, कुठलंही पीसीआय एक्सप्रेस कार्ड असो आणि ते कितीही नवं असो, पहिलं बोलणं सर्वांत जुन्या वेगानेच होतं. हा जुना, ‘धीमा’ वेग म्हणजे प्रत्येक मार्गावर सेकंदाला 250 कोटी स्पंदनं! दोन्ही बाजूंचा सूर जुळला की वेग वाढतो. मोठ्या कार्डाला असे 16 मार्ग असतात. त्यातले काही बिघडले तर कार्ड बहुतेक वेळा बंद पडत नाही. दोन्ही बाजू आपसात ठरवून 8, 4, वेळ आली तर एकाच मार्गावर काम चालवतात. आपल्याला फक्त गेम अडखळताना दिसतो.

यानंतर शाळेत घेतात तशी हजेरी होते. प्रोसेसर एकेका पत्त्यावर हाक देतो आणि कार्ड आपल्या उत्पादकाचा क्रमांक सांगतं. इंटेलचा क्रमांक 8086, म्हणजे त्यांच्या 1978 सालच्या गाजलेल्या चिपचंच नाव. कुणीच नसेल तर सगळे बिट ‘एक’ वाचले जातात आणि हजेरीत गैरहजर पडतं. हजर असलेल्याला किती मेमरी लागेल, तेही आता ठरतं. ड्रायव्हरची पाळी सगळ्यांत शेवटी येते.

हा क्रम लक्षात ठेवला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या त्रिकोणाकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. ‘धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट, कोड 10’ हे वाक्य वाचून माणसं कार्ड मेलं असं धरून चालतात. पण ज्याचं नाव यादीत दिसतंय, त्याने हजेरीला ‘हजर’ म्हटलेलं आहे! वीज पोचली, ओळख झाली. घोडं अडलं ते शेवटच्या टप्प्यावर. तिथे आधी संशय घ्यायचा तो ड्रायव्हरचा किंवा कार्डातल्या फर्मवेअरचा. कोड 12 आला तर मेमरीची वाटणी जमलेली नाही, 28 आला तर ड्रायव्हरच बसवलेला नाही. कार्ड यादीतच नसेल, तर मात्र कॅबिनेट उघडायचं.

आपल्या उपनगरांत ते उघडायची वेळ येतेच. मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला मिठागरं आणि ठाण्याची खाडी, बोरिवलीला गोराईची खाडी, अंधेरीला वर्सोव्याचा समुद्र. त्यात जुलैची हवा. कार्डाच्या कडेला पिवळ्या पट्ट्यांची रांग असते. ते खरं सोनं आहे, पण मायक्रॉनहूनही पातळ. सोनं गंजत नाही. मात्र त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खारा दमटपणा खालच्या निकेल आणि तांब्यापर्यंत पोचतो आणि काळपट डाग उमटतात. हीच कडा जवळून पाहिली की टोकाजवळची एखादी पट्टी बाकीच्यांपेक्षा आखूड दिसते. ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. कार्ड पूर्ण आत गेल्याशिवाय ती टेकतच नाही, आणि ती टेकली की कार्ड नीट बसल्याचं कळतं. केवढा विचार, आणि तोही मिलिमीटरभर जागेत!

जुन्या काळी ही हजेरी माणसालाच घ्यावी लागे. मराठी अक्षरं डॉसच्या पडद्यावर आली तीही एका एक्सपान्शन कार्डामुळे: आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून पुण्याच्या सी-डॅकने घडवलेलं जिस्ट कार्ड. त्या पिढीच्या पीसीत कार्डांसाठी आणि बाकीच्या भागांसाठी मिळून ‘इंटरप्ट’च्या अवघ्या 16 वाटा होत्या. साउंड कार्डाने सातवी पकडली की त्याच वाटेवरच्या प्रिंटरशी भांडण. मग चिमट्याने इवलासा जंपर हलवून पुन्हा सुरुवात. विंडोज 95 ने ‘प्लग अँड प्ले’ आणलं आणि ही वाटणी मशीनकडे गेली.

तेव्हा कोड 10 दिसला तर आधी ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज 8 पासून शट डाउनमध्ये बहुधा जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि अडकलेला ड्रायव्हर तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये तो कोरा सुरू होतो. मग उत्पादकाच्या साइटवरचा ड्रायव्हर घाला. कार्ड गायबच असेल तर भिंतीतला प्लग काढा, कारण बटण बंद असलं तरी स्लॉटमध्ये थोडी वीज राहते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा, कार्ड काढा, कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा आणि खटका लागेपर्यंत बसवा. खरखरीत खोडरबर वापरू नका, त्याने सोनंच निघून जातं. ग्राफिक्स कार्ड असेल तर वीजपुरवठ्याची वेगळी केबलही तपासा. स्लॉट जास्तीत जास्त 75 वॅट देतो, मोठ्या कार्डाचं तेवढ्यावर भागत नाही.