नाथसागरातली ओबीएम आणि बाहेरचं पॉवर टिल्ट

पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन 1976 मध्ये झालं. त्यामागे पसरलेला नाथसागर आडवातिडवा मोठा, पण उथळ. पाणी उतरलं की बुडीत शिवारातले बांध, खडक आणि खुंटं बोटीच्या पंख्याच्या टप्प्यात येतात. ऑगस्ट 2006 मध्ये पैठण शहरात पूर आला, तसं पाणी वस्तीत शिरलं तर बोटीखाली ओटे आणि तारेची कुंपणं असतात. अशा वेळी ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावलेली मोटर, झटकन वर घेता यायला हवी. हाताने उचलायच्या मोटरीला बाहेरून पॉवर टिल्ट, म्हणजे बॅटरीवरच्या पंपाने तेलाचा दाब देऊन मोटर उचलणारं युनिट, बसवणं त्यासाठी उपयोगाचं आहे. मात्र त्याबद्दलचे काही समज महागात पडतात.

‘चार बोल्ट आवळले की काम झालं’ हा त्यातला सर्वात मोठा. हे युनिट बोटीची मागची फळी आणि मोटर यांच्या मध्ये बसतं, त्यामुळे मोटर साधारण 5 ते 6 इंच मागे सरकते. त्यात युनिटचं स्वतःचं वजन. फळीवरची ओढ वाढते आणि बोट मागून दबते. आतलं प्लायवूड भिजून मऊ झालं असेल, तर आधी फळी बदला. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत, आतून रुंद पट्टी हवी आणि प्रत्येक भोकात सीलंट भरलेलं हवं. नाहीतर तिथूनच पाणी मुरतं. मोटरची उंचीही पुन्हा जुळवावी लागते. मग मोटर पूर्ण वर, पूर्ण खाली, डावीउजवीकडे फिरवून केबल आणि पेट्रोलची नळी कुठे ताणते का, ते बघा. हवेच्या रबरी बोटीची फळी चिकटवलेली असते. तिच्यावर हा भार टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘वीज मोटरच देईल’ हा दुसरा समज. दोरी ओढून चालू होणाऱ्या बऱ्याच मोटरींत बॅटरी चार्ज करायची सोयच नसते. टिल्टचा पंप थोडा वेळच चालतो, पण करंट भरपूर खेचतो. स्वतंत्र बॅटरी, जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज लागतोच.

मोटर वर जाईना, की लगेच पंपाला दोष दिला जातो. आधी बॅटरी, सैल किंवा गंजलेली जोडणी आणि रिले तपासा. मग तेल. तेल कमी पडलं म्हणून ब्रेक ऑइल ओतणं तर घातकच, त्याने सील फुगून निकामी होतात. युनिटच्या पुस्तिकेत सांगितलेलंच तेल वापरा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

‘गोड्या पाण्यात गंज नाही’ हेही अर्धसत्य. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकत्र भिजले की अॅल्युमिनियम झिजतं. गोड्या पाण्यात जस्ताचा अॅनोड (झीज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा) फारसा काम करत नाही. तिथे मॅग्नेशियमचा लागतो, आणि त्याला रंग फासायचा नसतो.

उथळ पाण्यात मोटर अर्धी वर घेऊन वेगात जाता येतं, असंही समजतात. थंडाव्याचं पाणी खेचणारी जाळी पाण्याबाहेर आली की आतल्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर काही क्षणांत खराब होतो आणि इंजिन तापतं. वर घेतलेली मोटर सावकाशच चालवायची.

वर उचललेल्या मोटरीखाली हात घालण्याआधी, आणि बोट ट्रेलरवरून नेतानाही, टेकू लावा. तेलाच्या दाबाच्या भरवशावर ती तशीच टांगती ठेवू नका.