छोटी विमाने आणि तीन वर्षांची मुदत

विमान हे श्रीमंतांचे वाहन, ही समजूत ‘उडान’ योजनेने मोडू पाहिली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर तिचा प्रारंभ झाला. तासाभराच्या प्रवासातील काही आसनांचे भाडे तेव्हा अडीच हजार रुपयांवर बांधले गेले. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. मुंबईच्या इस्पितळात तपासणीसाठी जाणाऱ्या कोकणवासीयाला आगगाडीत अख्खी रात्र काढावी लागे. सत्तर आसनांच्या छोट्या विमानाने तो दीडेक तासात पोहोचू लागला. त्याचा वाचलेला दिवस कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

परंतु अशी सेवा नियमित असेल तरच उपयोगाची. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले. तीन वर्षांची अनुदानाची मुदत संपल्यानंतरही मार्च २०२३ अखेर टिकून राहिले अवघे ५४! आडगावी जाणाऱ्या एस.टी.ला तीन वर्षांत नफ्यात येण्याची अट कोणी घातली नव्हती. अनुदान किती काळ द्यावयाचे, हे त्या मार्गाची गरज आणि प्रवासीसंख्या पाहूनच ठरविले पाहिजे. जेथे प्रवासीच मिळणार नाहीत, तेथे मात्र धावपट्टीपूर्वी एखादी चांगली रुग्णवाहिका द्यावी.