औषधाच्या दुकानातील बोलकी चित्रफीत

धाराशिव जिल्ह्यात ‘औषध’ हा शब्द दोन दुकानांत चालतो. कृषी सेवा केंद्रात तो सोयाबीनवरील अळीच्या औषधासाठी वापरतात, तर मेडिकलमध्ये मधुमेह किंवा रक्तदाबाच्या औषधासाठी. ग्राहकाची अडचण दोन्हीकडे एकच. माहितीपत्रक बारीक व बहुधा इंग्रजी अक्षरांत छापलेले असते आणि समजावून सांगणारा मनुष्य गर्दीत गुंतलेला असतो. औषध कसे घ्यावे हे रुग्णास समजावून देणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य असल्याचे २०१५ च्या औषध व्यवसाय विनियमांत नमूद आहे. परंतु बाजाराच्या दिवशी ते ‘एक सकाळी, एक रात्री’ एवढ्यावरच आटोपते.

या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार होणाऱ्या चित्रफितीचा उपयोग होण्यासारखा आहे. सांगावयाचा मजकूर लिहून दिला म्हणजे संगणक त्यास साजेशी चित्रे व मराठी आवाज जोडून दोन मिनिटांची चित्रफीत तयार करतो. तिचा क्यूआर कोड औषधाच्या पाकिटावर चिकटविल्यास घरातील मुलगा मोबाईलवर ती आजीला हवी तितक्या वेळा ऐकवू शकतो. उमरग्याकडील कानडी बोलणाऱ्या घरांसाठी तीच चित्रफीत कानडीतही करता येते. शेतीच्या सल्ल्यासाठी राज्याच्या कृषी विभागाने २०२५ साली महाविस्तार हे ॲप सुरू केले, त्यातही कृत्रिम बुद्धिमत्ता वापरलेली आहे.

तथापि एक धोका नीट समजून घेतला पाहिजे. इन्सुलिनचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुतांशी एका मिलिलिटरला ४० युनिट या प्रमाणाचे असते. जगात अन्यत्र मुख्यतः १०० युनिटचे चालते. दोहोंच्या सिरिंजही वेगळ्या असून ४० ची लाल टोपणाची व १०० ची नारिंगी टोपणाची असते. संगणक परदेशी चित्रांवरूनही शिकलेला असल्याने तो नारिंगी टोपणाची सिरिंज दाखविण्याचा संभव आहे. ती पाहून कोणी ४० च्या बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर शरीरात २० ऐवजी ८ युनिटच जातील. उलट १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतल्यास मात्रा अडीचपट होईल आणि साखर एकदम उतरून जीवावर बेतेल. फवारणीच्या पंपात औषधाचे माप चुकले तर पीक करपते. येथे माणूस जातो.

साठवणीचेही तसेच आहे. ‘फ्रिजमध्ये ठेवावे’ एवढेच सांगणारी चित्रफीत वस्तीवरील घरास निरुपयोगी होय. माझ्या माहितीतील एका शेतकऱ्याने आईचे इन्सुलिन अधिक गार राहावे म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवले होते. गोठलेले इन्सुलिन वाया जाते, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. फ्रिज नसल्यास, भोवती ओली वाळू भरलेल्या दुहेरी मडक्यात, सावलीत, वापरातील बाटली ठेवता येते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात हे मडके चित्रफितीत दिसलेच पाहिजे. जुलाबावरील ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. तेथे तांब्या नव्हे, लिटरची बाटली दाखवावी.

यंत्रावर विसंबून चालत नाही, याचा अनुभव अमेरिकेत पूर्वीच आलेला आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील दुकानांत संगणकाने स्पॅनिशमध्ये केलेल्या औषधांच्या लेबलांची तपासणी २०१० साली प्रसिद्ध झाली; सुमारे निम्म्या लेबलांत चुका निघाल्या. ‘एकदा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘वन्स’ स्पॅनिशमध्ये त्याच अक्षरांनी ‘अकरा’ असा वाचला जातो. मराठीतही ‘औषध’ म्हटल्यावर संगणकाने गोळीऐवजी फवारणीचा डबा चितारला तर नवल वाटावयास नको.

म्हणून मजकूर फार्मासिस्टने स्वतः लिहावा, तयार चित्रफीत डॉक्टरांना दाखवावी आणि मग गावातील एखाद्या अक्षरओळख नसलेल्या बाईस ती दोनदा ऐकवून, ‘आता तुम्ही करून दाखवा’ असे म्हणावे. तिने सिरिंज चुकीच्या खुणेपर्यंत भरली, तर चित्रफीत पुन्हा करावी. मात्रा मात्र चित्रफितीत सांगूच नये. ती प्रत्येकाची वेगळी असते व डॉक्टरांच्या चिठ्ठीवरूनच घ्यावयाची असते.