दुकानाच्या हिशेबाला जेक्वेरीचा जोड

माहूरला कापडाचा धंदा म्हणजे नवरात्राचा धंदा. रेणुकामातेच्या दर्शनाला आलेली गर्दी गडावरून उतरली की बाजारात फिरते आणि त्या नऊ-दहा दिवसांत जो माल हलतो, त्यावर आमचे पुढचे काही महिने निघतात. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि नेमक्या त्याच दिवशी तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. पूर्वी नगाची किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के व त्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० पर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. १,८०० च्या सुटावर काल २१६ रुपये कर, आज ९०. आमच्या दुकानाचे इंटरनेटवर एक साधे पान आहे, त्यावर खेड्यापाड्यांतले किरकोळ दुकानदार नग व भाव टाकून अंदाज पाहतात. रातोरात तो हिशेब बदलायचा होता. तो एका ओळीत बदलला, कारण हिशेबाचा जोड आम्हीच केलेला होता. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, संगणक पन्नाशीत हाती घेतला. तेव्हा आम्हाला जमले ते कोणालाही जमेल.

जॉन रेसिग या अमेरिकन तरुणाने २००६ च्या जानेवारीत जेक्वेरी लोकांपुढे ठेवली. त्या काळी एकच जावास्क्रिप्ट एका ब्राउझरमध्ये नीट चाले, दुसऱ्यात अडे. जेक्वेरीने ही कटकट आपल्या अंगावर घेतली, आणि ती फुकट मिळते. पुढे ब्राउझर सुधारले आणि आज तिच्यावाचूनही पुष्कळ कामे होतात. परंतु जुन्या पानांत ती अजून भरपूर आहे आणि शिकायला सोपी आहे, म्हणून आम्ही तीच धरली.

शिलाई मशीनला चेन लावायचा वेगळा फूट बसवतात. मशीन तेच राहते, काम नवे होते. जेक्वेरीचा जोड, ज्याला प्लगइन म्हणतात, तसाच आहे. डॉलरचे चिन्ह, टिंब, एफएन, पुन्हा टिंब आणि आपल्या जोडाचे नाव लिहून त्याला एक फंक्शन द्यायचे. मग पानावरील कोणत्याही तक्त्यावर तो जोड चालवता येतो. पानात जेक्वेरीची फाइल आधी व आपली नंतर हवी. मशीन आणण्यापूर्वी फूट कुठे बसवणार? डॉलरचे चिन्ह दुसऱ्या लायब्रऱ्याही वापरतात. म्हणून आपले सगळे काम एका फंक्शनच्या वेष्टनात बांधून त्याच्या हाती जेक्वेरी द्यावी, म्हणजे भांडण होत नाही.

आत तक्त्याच्या प्रत्येक ओळीसाठी 'ईच' लावायचे आणि शेवटी 'रिटर्न धिस' लिहायचे. हे शेवटचे आम्ही विसरलो होतो. काजे करणाऱ्याने कपडा बटणवाल्याकडे सरकवलाच नाही तर काम तिथेच थांबते. तसेच आमच्या जोडापुढचे हुकूम चालेनात.

पहिली खरी फजिती बेरजेची. सुटाचे ८५० आणि शिलाईचे १२० यांची बेरीज पानाने ८५०१२० दाखवली! रकान्यात लिहिलेले संगणकाला अक्षर वाटते, आणि अधिकचे चिन्ह अक्षरांना एकमेकांपुढे चिकटवते. गुणाकार मात्र बरोबर येई, म्हणून चूक लवकर ध्यानात आली नाही. 'पार्सफ्लोट' लावून अक्षराचा आकडा करावा लागतो. त्यातही तो फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. गिऱ्हाइकाने मराठी ८५० टाकले तर उत्तर येत नाही, आणि आम्ही शाळेत शिकलेले उर्दू आकडेही त्याला कळत नाहीत. आकडे आधी बदलून घेणारी चार ओळींची तजवीज आम्ही केली. उत्तर दाखवताना मात्र ब्राउझरला 'एमआर-आयएन' सांगितले की मराठी आकडे, लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह, आपोआप येतात.

दुसरी चूक महागात पडली असती. कराचा दर, २,५०० ची मर्यादा, सूट, हे सर्व आम्ही जोडाच्या मूळ यादीत ठेवले आणि 'एक्सटेंड' वापरून प्रत्येक तक्त्याची वेगळी सोय केली. मुलांच्या जुन्या मालावर १० टक्के सूट दिली, तर त्याखालच्या लेडीज सुटांवरही १० टक्के सूट दिसू लागली. 'एक्सटेंड'ला पहिली जी वस्तू द्याल तिच्यातच तो बदल करतो, आणि आम्ही मूळ यादीच पुढे केली होती. पहिल्या जागी रिकामा महिरपी कंस ठेवायचा, मग मूळ यादी, मग नवी सोय. मूळ वहीत खाडाखोड न करता कोऱ्या कागदावर उतारा घ्यावा, तसे.

कराचा दर यादीतच होता, म्हणून त्या सप्टेंबरात यादीची ओळ बदलून भागले. पूर्वी १२ हा आकडा आत सात ठिकाणी होता, तसाच राहिला असता तर घटस्थापनेच्या सकाळी आम्ही दुकान उघडायचे सोडून तो शोधत बसलो असतो.

पानावरचा हिशेब हा अंदाजच असतो, गिऱ्हाइकाला आपल्या ब्राउझरमध्ये तो बदलताही येतो. पक्के बिल आम्ही दुकानाच्या वहीवरून करतो. सध्या थानातून मीटरने कापून द्यायच्या मालासाठी जोड लिहितो आहोत. पाऊण मीटर आणि सव्वा मीटर अक्षरांत लिहिणारे गिऱ्हाईक त्यात कसे बसवावे, एवढे अडले आहे.