चार गळे आणि एक दगडी चर्च

ना गिटार, ना ड्रम्स, ना साधा तानपुरा. पाचशे वर्षांपूर्वीचं लॅटिन चर्चसंगीत, तेही चार-दहा जणांनी गायलेलं. तरी त्याच्या सीडीज लाखांनी खपल्या. काय फंडा आहे हा?

रात्रीचे साडेनऊ. फ्लोअरवरचे अर्धे दिवे बंद झालेत, एसी मात्र चालूच आहे आणि उद्या सकाळच्या प्रेझेंटेशनच्या अजून बारा स्लाइड्स बाकी आहेत. अशा वेळी हेडफोनमध्ये काय लावता? हिंदी गाणी लावली तर लक्ष शब्दांकडे जातं, रॉक लावलं तर डोकं उठतं. मग कुणीतरी ‘रिलॅक्स’ नावाची प्लेलिस्ट फॉरवर्ड करतं. पावसाचा आवाज, बासरी, समुद्राच्या लाटा... आणि मध्येच अचानक चार पुरुषांचे आवाज. संथ, लांबवर घुमणारे. थोड्या वेळाने एक सॅक्सोफोन त्यांच्या डोक्यावरून तरंगत जातो. ‘मस्त आहे यार, एकदम शांत वाटतं,’ असं म्हणून आपण पुन्हा एक्सेलमध्ये.

माझंही असंच झालं होतं. बरेच महिने तो ट्रॅक मी कामाचं बॅकग्राउंड म्हणून वापरला. मग एकदा सहज शब्दांचा अर्थ शोधला आणि चक्क ओशाळलो. ते गाणं मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं आहे. बायबलमधला ईयोब, ज्याची मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गेलंय, तो देवाला विनवतोय की आता मला सोड, माझ्या आयुष्यात काही अर्थ उरलेला नाही. आणि त्याच्या या विनवणीवर मी पिव्होट टेबल्स करत होतो!

गाण्याचं नाव ‘पार्चे मिही, दोमिने’. रचना क्रिस्तोबाल दे मोरालेसची. हा स्पेनमधल्या सेव्हिलचा. १५३५ ते १५४५ अशी दहा वर्षं रोममध्ये पोपच्या चॅपेलमध्ये गायक होता. आपण ऐकतो ते रेकॉर्डिंग इंग्लंडच्या ‘हिलियर्ड एन्सेम्बल’ या चौकडीचं आणि सॅक्सोफोन नॉर्वेच्या यान गार्बारेकचा. अल्बम ‘ऑफिशियम’, साल १९९४. गंमत म्हणजे आपल्या ‘ऑफिस’चं मूळ हाच लॅटिन शब्द. अर्थ, नेमून दिलेलं काम. चर्चमध्ये ठरावीक वेळी म्हणायच्या प्रार्थनांनाही ‘ऑफिस’च म्हणतात. म्हणजे तसे आम्ही दोघंही ऑफिसमध्येच होतो.

या अल्बमची कल्पना ‘ईसीएम’ या जर्मन लेबलचा निर्माता मानफ्रेड आयशर याची. आइसलँडमध्ये एका सिनेमाच्या कामासाठी फिरत असताना, लाव्हाच्या ओसाड मैदानांतून जाताना तो मोरालेस ऐकत होता आणि गार्बारेकही. दोन्ही त्याच्या डोक्यात एकत्र वाजायला लागले. सप्टेंबर १९९३ मध्ये त्याने पाचही जणांना ऑस्ट्रियातल्या सेंट गेरोल्डच्या मठात नेलं. चौघांसमोर शेकडो वर्षांपूर्वीच्या रचना, गार्बारेकसमोर लिहिलेलं काहीच नाही. त्याने ऐकायचं आणि सुचेल तसं वाजवायचं, आपल्याकडे साथीला बसलेला सारंगिया करतो तसं. ‘पार्चे मिही’ हे त्यासाठी आदर्श गाणं होतं, कारण त्यात गुंतागुंत जवळजवळ नाहीच. चारही आवाज एकेक शब्द एकत्र उच्चारतात, थांबतात, पुढे जातात. त्या थांबण्यात सॅक्सोफोनला घर मिळतं.

अल्बम दहा लाखांच्या वर खपला. जुन्या संगीतातल्या सोवळ्या मंडळींनी अर्थातच नाकं मुरडली. मला विचाराल तर मोरालेसमध्ये तो सॅक्सोफोन भन्नाट लागतो. पुढे कुठे कुठे मात्र ‘राव, जरा गप्प बस ना’ असं म्हणावंसं वाटतं. १९९४ हे वर्षच तसं होतं. त्याच वर्षी स्पेनमधल्या सिलोस मठातल्या संन्याशांचा ‘चँट’ हा अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या पॉप चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत पोचला होता. टेन्शनवर उतारा म्हणून प्रार्थना विकता येते, हे मार्केटिंगवाल्यांना तेव्हाच नीट कळलं. ‘रिलॅक्स’ प्लेलिस्टची आजी तिथली.

पण हे गाणं रिलॅक्स होऊन गाता येत नाही, हा खरा मुद्दा.

चार माणसं, चार वेगळ्या ओळी. म्हणजे प्रत्येक ओळीला एकच गळा. मोठ्या कॉयरमध्ये एखाद्याचा श्वास कमी पडला, सूर डगमगला तर शेजारचा सांभाळून घेतो. इथे सुट्टी नाही. तुम्ही थांबलात तर तेवढी भिंतच पडली. शिवाय वाद्याचा आधार नाही. आपल्या कानांना पहिला प्रश्न हाच पडतो, की तानपुरा नाही तर हे लोक सूर कशावर धरतात? उत्तर सोपं आणि भीतीदायक आहे: एकमेकांवर. सुरुवातीला कुणीतरी स्वर देतो, तो गुणगुणून घेतात, नंतर चौघांचे कान चौघांकडे. चौघंही किंचित उतरले तर सगळी इमारतच खाली सरकते.

आणि तानपुऱ्याची आठवण येते ती उगीच नाही. तानपुरा छान लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, हे गाणं शिकलेल्यांना माहीत असतं. पियानोवरचा गंधार त्याच्यापेक्षा थोडा चढा असतो, कारण पियानोत बाराही सूर समान अंतरावर बसवलेले असतात. हिलियर्डसारखे गायक मोरालेस गाताना त्या पियानोच्या गंधाराला नाही, तर या आपोआप उमटणाऱ्या गंधाराला जाऊन मिळतात. तो बरोबर लागला की चार आवाजांची बेरीज चारपेक्षा जास्त होते, वर कुणीतरी पाचवा गातोय असा भास होतो. आपण ज्याला ‘शांत वाटतं’ म्हणतो, त्यातलं बरंचसं हे आहे.

याहून जुनी गंमत ऐकायची असेल तर हिलियर्डचाच १९८९ चा ‘पेरोतां’ अल्बम. पेरोतां हा पॅरिसच्या नोत्रदामचा, साधारण १२०० सालचा. त्याच्या ‘विदेरुंत ओम्नेस’मध्ये एक गायक पहिलं अक्षर धरतो आणि धरूनच ठेवतो. त्या ताणलेल्या सुरावर बाकीचे तिघं अक्षरशः फुगडी घालतात. गाणं अकरा मिनिटांच्या वर चालतं, शब्द मात्र मूठभर. ‘टेनर’ हा शब्द आपण उंच पुरुषी आवाजासाठी वापरतो, पण त्याचं लॅटिन मूळ ‘धरणारा’. सूर धरून बसणारा तो टेनर!

आणि या खेळातला आणखी एक भिडू म्हणजे इमारत. दगडी चर्चमध्ये सोडलेला सूर काही सेकंद हवेत राहतो. पुढचा सूर येतो तेव्हा मागचा गेलेला नसतो. म्हणून अशी रेकॉर्डिंग्ज शहरातल्या चकाचक स्टुडिओपेक्षा आडबाजूच्या चर्चमध्ये करतात. ‘टॅलिस स्कॉलर्स’ या गटाने तर इंग्लंडमध्ये नॉरफोकमधल्या साल नावाच्या खेड्यातल्या मध्ययुगीन चर्चमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम ठोकला होता. अशा जागी मायक्रोफोन एकेका गळ्याला नाही, सगळ्या हवेला लावायचा. मग वरून विमान गेलं की टेक बाद.

टॅलिस स्कॉलर्सची गोष्ट स्टार्ट-अपवाल्यांनी ऐकावी अशी आहे. पीटर फिलिप्स याने ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी असताना १९७३ मध्ये हा गट काढला. नंतर कुठल्या मोठ्या कंपनीची वाट न बघता ‘गिमेल’ हे स्वतःचं लेबल सुरू केलं. साधारण दहा गायक, एका ओळीला दोन. १९८७ मध्ये त्यांच्या जोस्कँच्या अल्बमला ‘ग्रामोफोन’ मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान मिळाला, सिंफनी आणि ऑपेराच्या बड्या नावांना मागे टाकून. जोस्कँचे सगळे मास रेकॉर्ड करायचं काम मात्र २०२० मध्ये संपलं. मधल्या काळात एक भलताच बोनस मिळाला. टॅलिसची चाळीस स्वतंत्र आवाजांची ‘स्पेम इन आलियम’ ही रचना ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ या गाजलेल्या चावट कादंबरीत आली आणि २०१२ मध्ये त्यांचं १९८५ चं रेकॉर्डिंग ब्रिटनच्या क्लासिकल सिंगल्समध्ये पहिल्या नंबरवर जाऊन बसलं. प्रार्थना कुठून कुठे पोचेल, सांगता येत नाही.

यांचं सर्वांत लाडकं रेकॉर्डिंग १९८० चं, आल्लेग्रीचं ‘मिसेरेरे’. मूळ गाणं सतराव्या शतकात पोपच्या सिस्टीन चॅपेलसाठी रचलेलं. ते बाहेर जाऊ नये म्हणून तिथे जपत असत आणि १७७० मध्ये चौदा वर्षांच्या मोझार्टने ते ऐकून नुसत्या स्मरणावर लिहून काढलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपेलमध्ये टॅलिस स्कॉलर्सनी ते गायलं तेव्हा एक छोटा गट मुद्दाम लांब उभा केला होता. त्या लांबून एक मुलगी तार सप्तकातली अशी एक जागा घेते, की काटा येतो.

आता ऐका. ती जागा आल्लेग्रीने लिहिलेलीच नाही! १८८० मध्ये ग्रोव्हच्या संगीतकोशात त्या गाण्याचा एक तुकडा चुकून वरच्या पट्टीत छापला गेला, नंतरच्या संपादकांनी तो तसाच मूळ गाण्याला जोडला आणि ती चूकच जगाची आवडती झाली. शिवाय सिस्टीन चॅपेलमध्ये बायका गातच नसत. मग ‘अस्सल’ काय? त्या काळचं रेकॉर्डिंग तर कुणाकडेच नाही. हातात आहे तो कागद. आवाज या लोकांनी स्वतःच्या अकलेने आणि कानाने उभा केलाय. मला तरी ती चूक हवीच आहे.

यातलं काही आपल्या किनाऱ्यालाही लागलेलं आहे. ‘ऑर्लँडो कॉन्सर्ट’ या चार पुरुषांच्या गटाने पोर्तुगीज जहाजांबरोबर गोव्यात उतरलेल्या संगीताचा धागा पकडून ‘मंत्र’ हा अल्बम केला. त्यात कुलजित भामरा यांचा तबला आहे, जोनाथन मेयर यांची सतार आहे आणि शाहिद खान यांचं गाणं. प्रयोग सगळीकडे जमलाय असं नाही, पण लॅटिन प्रार्थनेखाली ठेका सुरू होतो तेव्हा मान हलते.

यातले बरेच गट आता नाहीत. न्यूयॉर्कच्या चार बायकांचा ‘अ‍ॅनॉनिमस फोर’ थांबला, ऑर्लँडो कॉन्सर्टने २०२३ मध्ये निरोप घेतला. हिलियर्डने चाळीस वर्षं पुरी करून डिसेंबर २०१४ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये शेवटचा कार्यक्रम केला. एका ओळीला एकच गळा, त्यामुळे गळे थकले की दुकान बंद.

‘ऑफिशियम’मध्ये ‘पार्चे मिही’ तीनदा येतं. पहिल्यांदा आणि शेवटी सॅक्सोफोनसह. मध्ये, आठव्या ट्रॅकवर, फक्त चौघं. आज घरी जाताना लोकलमध्ये नको, तिथे काही ऐकू येणार नाही. जेवण झाल्यावर, दिवा बंद करून, फोन उलटा ठेवून तो आठवा लावा. जेमतेम पाच-सहा मिनिटांचा आहे. ओळ संपली की चौघं थांबतात, आणि त्यांच्यानंतर काही क्षण ते चर्च एकटंच गात राहतं.