टांकींतील पाणी, शेवाळ व रोगजंतु

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास पाणी सांठविण्याची विद्या नवीन नाहीं. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या कौशल्यानें येथें तलाव व बोड्या बांधल्या गेल्या व त्यांवर धानाची शेती उभी राहिली. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तरी ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हें नांव लोकांच्या तोंडीं कायम आहे. आतां घरोघरीं व गोठ्याजवळ सिमेंटचे हौद आणि प्लॅस्टिकच्या टांक्या आल्या आहेत. त्यांतील पाणी निर्दोष कसें राखावें याचा विचार येथें करूं.

शेवाळ ही वनस्पतीसारखी सजीव वाढ आहे. धानाप्रमाणेंच तिला सूर्यप्रकाश व खत लागतें. प्रकाश पूर्णपणें बंद केला म्हणजे ती वाढूं शकत नाहीं. रोगजंतूंची गोष्ट निराळी. त्यांस प्रकाशाची गरज नसते. कुजका पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, मेलेलें शेवाळ व तळाचा गाळ यांच्या आश्रयानें जंतु टिकतात. भिंतीस लागणाऱ्या बुळबुळीत थरांत त्यांची वस्ती असते. पाणी नितळ दिसलें म्हणजे तें निर्दोष, असें समजूं नये. रानांतील निवळीचें बीं उगाळून घातल्यानें गढूळपणा तळाशीं बसतो हें खरें; परंतु तेवढ्यानें सर्व जंतु मरत नाहींत.

पहिला उपाय झांकणाचा. हौदावर घट्ट झांकण असावें व पाणी ओसंडून जाण्याच्या नळीस बारीक जाळी लावावी. त्यामुळें डासही अंडीं घालूं शकत नाहींत. प्लॅस्टिकची टांकी घेतांना आंत उजेड जाणार नाहीं अशी काळी किंवा जाड थरांची घ्यावी. पाणी तोटीनेंच काढावें. हात बुडवूं नये.

दुसरा उपाय सफाईचा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर टांकी रिकामी करून गाळ काढावा व भिंती ब्रशानें घासाव्या. मग १० लिटर पाण्यांत सुमारें ५ ग्रॅम टी.सी.एल. पावडर कालवून त्या पाण्यानें भिंती पुसाव्या, अर्धा तास थांबावें आणि धुवून तें पाणी सोडून द्यावें. बंद टांकींत एकट्यानें उतरूं नये.

तिसरा उपाय औषधाचा. स्वच्छ पाण्याच्या दर १,००० लिटरांस अडीच ग्रॅम ताजी टी.सी.एल. पुरते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व एक मीटर खोल पाण्याचा हौद ३,००० लिटरांचा होतो. त्यास साडेसात ग्रॅम पावडर लागेल. ती बादलींत कालवून चुना खालीं बसूं द्यावा, वरची निवळी तेवढी हौदांत ओतावी व एक तासानंतर पाणी वापरावें. पाण्यांत घाण असल्यास औषध तिच्यावरच खर्ची पडतें. म्हणून सफाई आधीं, औषध नंतर. पावडरीचा डबा घट्ट बंद करून कोरड्या व थंड जागीं ठेवावा, नाहींतर तिची शक्ति उडून जाते.

गुरांच्या हौदाकडे दुर्लक्ष करूं नये. निळसर हिरव्या शेवाळाच्या कांहीं जाती विषारी असून त्यांनीं जनावर दगावूं शकतें. शेवाळ मारण्यास मोरचूद टाकण्याचा मोह होतो. परंतु त्यानें माशांस अपाय होतो, मेंढ्यांस तांबें बाधतें, आणि शेवाळ मरतांना त्यांतील विष पाण्यांत उतरतें. त्यापेक्षां हौद रिकामा करून घासणें उत्तम. बोडींत हिरवी साय दिसल्यास गुरें दुसरीकडे पाजावीं व धानाच्या बांध्यांतून युरिया आणि फॉस्फेटचें पाणी तींत वाहून येऊं देऊं नये.

नारूचा रोग एके काळीं महाराष्ट्रांतही होता. त्यावर लस नव्हती व गुणकारी औषधही नव्हतें. रोग्यानें पाण्यांत न उतरणें, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणें, पाणी फडक्यानें गाळणें व पाण्यांतील सूक्ष्म जीव औषधानें मारणें, एवढ्या साध्या उपायांनीं तो हटला. देशांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला व २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. जें गावोगावीं साधलें तें आपल्या अंगणांतील टांकींत साधणें कठीण नाहीं. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शेतकरी बंधूनें आपली टांकी एकदां उघडून पाहावी, ही विनंति आहे.